आयोवा संस्थान : घेण्यासारखें व टाळण्यासारखें

अमेरिकेंतील शेतीचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम मोठालीं यंत्रें आणि क्षितिजापर्यंत पसरलेलीं शेतें उभीं राहतात. हें चित्र खोटें नव्हे. परंतु तेवढेंच पाहून जो थांबतो त्यास त्या देशाच्या शेतीचें मर्म कळत नाहीं, असें आमचें मत आहे. म्हणून संयुक्त संस्थानांपैकीं जें संस्थान शेतीसाठींच प्रसिद्ध आहे, त्या आयोवाची थोडी ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों. त्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे, आणि टाळण्यासारखेंहि तितकेंच आहे.

पूर्वेस मिसिसिपी व पश्चिमेस मिसूरी ह्या दोन महानद्यांच्या मध्यें हें संस्थान वसलें आहे. १८४६ सालीं तें संयुक्त संस्थानांत २९ वें म्हणून दाखल झालें. क्षेत्रफळ सुमारें ५६,००० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडें कमी. आणि वस्ती २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें अवघी ३२ लक्षांच्या आसपास. राजधानी डी मॉइन. हजारों वर्षें उंच गवत उगवून जागच्या जागीं कुजत गेलें, त्यापासून तेथील काळी, खोल माती बनली. पुष्कळ भाग पाणथळ होता. तेथें भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालीं पुरून शेतकऱ्यांनीं पाण्याचा निचरा केला, तेव्हां कोठें नांगर चालूं लागला.

ही भूमि निर्मनुष्य मात्र नव्हती. मेस्क्वाकी वगैरे मूळच्या लोकांस सरकारनें तहनामे करून तेथून हलविलें. पुढें १८५७ सालीं ह्याच मेस्क्वाकी लोकांनीं पदरचे पैसे मोजून आपल्या जुन्या मुलखांतील ८० एकर जमीन टेमा परगण्यांत विकत घेतली, व त्यांची वसाहत आजहि तेथें नांदत आहे. बाहेरून आलेल्यांत जर्मन, नॉर्वेजियन, डच असे नाना देशांचे शेतकरी होते. आमाना येथील जर्मन धर्मपंथीयांनीं तर सात गांवें वसवून १९३२ पर्यंत जमीन, घरें व गुरें सर्वांच्या सामाईक मालकीचीं ठेवलीं होतीं.

ह्या लोकांची संस्कृति पाहावयाची असल्यास संस्थानच्या वार्षिक जत्रेकडे पाहावें. ती १८५४ सालीं प्रथम भरली व पुढें डी मॉइन येथें स्थिर झाली. तींत वळू, डुकरें व मक्याचीं कणसें यांची पारख होते, गृहिणींच्या मुरंब्यांस बक्षिसें मिळतात, आणि १९११ पासून लोण्याची घडविलेली पुरी गाय पाहावयास लोकांची रीघ लागते. ग्रँट वुड ह्या आयोवाच्या चित्रकारानें १९३० सालीं काढलेलें गंभीर मुद्रेच्या शेतकरी जोडीचें चित्र जगप्रसिद्ध झालें. आयोवांतील कांहीं शेतकरी कुटुंबांस मात्र तें आपली थट्टाच वाटलें. आपल्या धंद्याचा अभिमान त्यांच्या ठिकाणीं एवढा होता.

आतां घेण्यासारखें काय तें सांगतों. १८६२ सालीं मध्यवर्ती सरकारनें शेती व यंत्रविद्येचीं महाविद्यालयें काढण्यासाठीं संस्थानांस जमिनी देण्याचा कायदा केला. तो सर्वांआधीं स्वीकारला आयोवानें. एम्स येथील त्यांच्या महाविद्यालयांत गुलामगिरींत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९४ सालीं पदवीधर झाला व पुढें तेथेंच शिकवूं लागला. परंतु विद्यालयाच्या इमारतीपेक्षां आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. १९०४ सालीं प्रोफेसर होल्डन यांनीं आगगाडीचे डबे घेऊन स्टेशनोस्टेशनीं व्याख्यानें देण्याचा क्रम आरंभिला. गाडी थांबे, भोंवतालचे शेतकरी डब्यांत जमत, आणि मक्याचें बीं कसें पारखावें, त्याची उगवण पेरणीपूर्वीं कशी तपासावी, हें ऐकून घरीं जात. विद्या शेतकऱ्याच्या दारीं गेली ती अशी.

त्याहूनहि मोठी गोष्ट पुढेंच आहे. लांब, सरळ व सारख्या ओळींचें देखणें कणीस तेंच उत्तम बीं, असें होल्डन यांच्यासारखे पारखी सांगत. हेन्री वॉलेस नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलानें त्यांच्याकडून कणसें घेऊन, प्रत्येकाचे दाणे निरनिराळ्या ओळींत पेरून उत्पन्न मोजलें. देखणीं कणसें उत्पन्नांत पहिलीं येत नाहींत, असें त्यास आढळलें. हाच मुलगा पुढें १९३३ त देशाचा शेतकी मंत्री व १९४१ त उपाध्यक्ष झाला. विद्वानाचें ऐकावें, पण मापून पाहिल्यावांचून मान्य करूं नये, ही जी वृत्ति, तीच आमच्या मतें आयोवाची खरी संपत्ति होय.

आतां दुसरी बाजू. १९२६ सालीं वॉलेस यांनीं संकरित मक्याचें बियाणें विकणारी कंपनी काढली. १९३० च्या सुमारास असें बीं पेरणारे शेतकरी अगदीं विरळा होते. १९४३ पर्यंत जवळजवळ साऱ्या आयोवानें तें पत्करलें. पूर्वीं एकरीं सुमारें ४० बुशेल, म्हणजे १० क्विंटल मका येत असे, तो खतें व यंत्रें यांच्या जोडीनें वाढत जाऊन २०२३ सालीं सरासरी २०० बुशेल, म्हणजे ५० क्विंटलांवर गेला. हा विजय लहान नव्हे. परंतु संकरित पिकाचें बीं घरीं राखून चालत नाहीं. तें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. पारखीची जी विद्या आगगाडीनें घरोघर पोंचविली होती, तिची गरज घरांत उरली नाहीं.

उत्पन्न वाढल्यानें शेतकरी सुखी झाला म्हणावें, तर इतिहास तसें सांगत नाहीं. १९३२ सालीं भाव इतके कोसळले कीं लोकांनीं शेगडींत मका जाळला. मायलो रेनो यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं रस्ते अडवून माल बाजारांत जाऊं दिला नाहीं. गहाण शेताच्या चीजवस्तूचा लिलाव होई तेथें शेजारी जमून दोन-चार पैशांची बोली करीत आणि घेतलेली वस्तु मूळ मालकास परत देत. पुढें १९८१ त एकरीं २,१४७ डॉलर असलेली जमिनीची सरासरी किंमत १९८६ पर्यंत ७८७ डॉलरांवर आली. चढत्या किंमतीच्या भरंवशावर ज्यांनीं भारी व्याजानें कर्जें काढलीं होतीं, त्यांच्या कित्येक पिढ्यांच्या जमिनी ह्या पांच वर्षांत गेल्या. १९३५ सालीं आयोवांत सुमारें २ लक्ष २० हजार शेतकी खातीं होतीं. २०२२ च्या गणतींत तीं ८७ हजारांच्या आसपास उरलीं. मका व सोयाबीन ह्या दोनच पिकांनीं बहुतेक जमीन व्यापली असून मक्याचा मोठा भाग मोटारींच्या इंधनासाठीं मद्यार्क करण्याकडे जातो. डुकरें माणसांच्या सुमारें सातपट आहेत, पण पुष्कळ लहान गांवांतील शाळा व दुकानें बंद पडलीं आहेत.

ज्या नळांनीं पाणथळ जमीन पिकाऊ केली, त्याच नळांवाटे खतांतील नायट्रेट नद्यांत उतरतें. डी मॉइनच्या पाणीपुरवठा मंडळानें २०१५ सालीं वरच्या अंगाच्या तीन परगण्यांतील निचरा-मंडळांवर त्याबद्दल फिर्याद लावली. २०१७ त ती निकालांत निघाली, पण नायट्रेट पाण्यांतच राहिलें.

येथें कोणी म्हणेल कीं, शेती सोडून शहरांत गेलेल्यांचें कल्याणच झालें, आणि अशाच उत्पन्नानें जगाची भूक भागते. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. गव्हाच्या नव्या जातींबद्दल १९७० चें नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारे नॉर्मन बोरलॉग आयोवांतील क्रेस्को गांवाजवळच्या शेतकरी घराण्यांतले. त्यांच्या प्रेरणेनें स्थापन झालेलें जागतिक अन्न पारितोषिक आज डी मॉइन येथून दिलें जातें, व १९९८ सालीं तें आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांस बियाण्यांच्या कार्याबद्दल मिळालें. सुधारलेल्या बियाण्यास आमचा विरोध मुळींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, एकरीं उत्पन्न हें शेतीचें एक माप आहे, एकमेव नव्हे. त्या उत्पन्नांतून बियाणें, खत व व्याज वजा जातां घरांत काय राहिलें, माती किती राहिली, आणि मुलगा त्याच शेतावर राहूं शकला कीं नाहीं, हींहि मापेंच होत.

म्हणून आयोवाच्या यंत्रांचें अनुकरण करण्यापूर्वीं त्याच्या आगगाडीचें करावें, अशी आमची सूचना आहे. गांवोगांवच्या सभासदांनीं एकाच शेतांत दोन-तीन वाण शेजारीं शेजारीं पेरावे, खर्च व उत्पन्न दोन्ही मोजून लिहावीं, आणि तीं टिपणें सर्वांपुढें मांडावीं. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षां आपल्या वजनकांट्यावर विश्वास ठेवणारा शेतकरी नवें बींहि सुखानें घेऊं शकेल, आणि न परवडणारें कर्ज वेळींच नाकारूंहि शकेल.