मौनाचा बाजार

‘हमखास इलाज’ अशी ग्वाही देणाऱ्या रंगवलेल्या भिंती महाराष्ट्राच्या कोणत्याही हमरस्त्याला नव्या नाहीत. पुणे-सोलापूर रस्ता आणि त्यावरील आमचे इंदापूर त्याला अपवाद कसे असणार? आता भिंतीची जागा खिशातल्या मोबाइलने घेतली, एवढाच फरक. पुरुषाची ‘कमजोरी’ हा बिनधोक नफ्याचा धंदा आहे, कारण फसलेले गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. उसाचे बिल हाती आलेला शेतकरी असो की तोडणी कामगार, लाज दोघांचीही जीभ बांधते आणि त्या बांधलेल्या जिभेवर दुकानदारी उभी राहते.

या धंद्याला कायद्याने मज्जाव नाही काय? आहे. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ सालचा. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात त्याने गुन्हा ठरविली. सात दशके उलटली. कायदा पुस्तकात राहिला आणि जाहिरात भिंतीवर राहिली. शिवाय ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत व गोळ्यांत आधुनिक औषध गुपचूप मिसळल्याचे देशोदेशींच्या तपासण्यांत वारंवार उघड झाले आहे. आपण काय गिळतो, हे रुग्णाला ठाऊकच नसते.

आमचे काही सहकारी म्हणतील, पाणी, ऊसदर, कर्ज हे प्रश्न पेटले असता हा शयनगृहातला विषय कशाला? हाच युक्तिवाद र. धों. कर्व्यांना ऐकावा लागला होता. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. शरीराविषयीचे अज्ञान हेही गुलामीचेच साधन आहे, हे ज्यांना उमगले होते त्यांची परंपरा आपण सांगतो. मग बोलण्याची वेळ आली की खाली का पाहतो?

वस्तुतः हा पौरुषाचा नव्हे, रक्ताभिसरणाचा प्रश्न आहे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, मनावरचा ताण, काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे. पुष्कळदा ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. जो माणूस भोंदूच्या तंबूत जातो, त्याची साखर व रक्तदाब कोणीच तपासत नाही. आणि घरी ‘दोष’ मात्र बायकोच्या माथी मारला जातो.

औषध आहे आणि ते चांगले आहे. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. इच्छा मात्र त्या निर्माण करीत नाहीत. पहिलीचा परिणाम साधारण चार तास, जड जेवणानंतर तो उशिरा सुरू होतो. दुसरीचा छत्तीस तासांपर्यंत टिकतो. कोणती व किती, हे डॉक्टरने ठरवावयाचे. दिवसातून एकीपेक्षा अधिक नको, दारूबरोबर नको. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी जो घेतो, त्याने ही औषधे मुळीच घेऊ नयेत; रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात. गोळीनंतर छातीत दुखले तर इस्पितळात ती घेतल्याचे लपवू नये. ताठरता चार तासांहून अधिक राहिली किंवा अचानक दिसेनासे झाले, तर तात्काळ इस्पितळ गाठावे.

अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेले हे औषध आपल्याकडे थोड्या वर्षांतच स्वस्त झाले, ते कोणा कंपनीच्या दयेने नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर मक्तेदारी नाकारली होती, म्हणून भारतीय कारखाने स्वतःच्या पद्धतीने ते बनवू शकले. ती तरतूद २००५ साली गेली. लोकांनी लढून मिळविलेल्या त्या स्वस्ताईचा लाभ भोंदूने आणि चिठ्ठीविना गोळी विकणाऱ्या दुकानदाराने घ्यावा, आणि रुग्णाने धोका पत्करावा, हा कोणता न्याय?

बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी इंदापूरच्या सरकारी रुग्णालयात बसावे. बंद दाराआड, नावाची हाक न मारता तपासणी व्हावी. जेनेरिक गोळी तेथेच चिठ्ठीवर मिळावी. १९५४ च्या कायद्याखाली अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी खटले भरावेत. आणि कार्यकर्त्यांनी आरोग्य शिबिरात रक्तदाबाबरोबर हा प्रश्नही न संकोचता विचारावा. मौन आपले आहे, नफा त्यांचा आहे. ते मौन मोडणे तरी कोणत्याही सरकारच्या परवानगीवाचून आपल्याला शक्य आहे.