पांढरे चर्च, तांबडे चर्च

लासूर स्टेशनहून एका वाचकबंधूंनी मोठा मासलेवाईक प्रश्न विचारला आहे. घरच्या जुन्या ट्रंकेत त्यांना गोव्याचे एक चित्रकार्ड सापडले. खाली ‘बॉम जेझुस’ असे छापलेले, आणि चर्चच्या भिंती पांढऱ्याशुभ्र! ते सहकुटुंब जुन्या गोव्यास जाऊन आले, तो तेच चर्च तांबडे, उघड्या दगडांचे. ‘यांतले खरे कोणते?’ असे ते विचारतात.

दोन्ही खरी, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण या प्रश्नावरून गोव्यात 2020 साली चांगलीच खडाजंगी उडाली होती. तेव्हा जरा खोलात शिरू.

जेझुइटांनी हे चर्च 1594 साली बांधावयास घेतले. 1605 साली त्याचा अभिषेक झाला. भिंती जांभ्याच्या. वेरूळ-दौलताबादकडच्या माणसाला दगड म्हटला की काळा कातळ आठवतो. जांभ्याची जात निराळी. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर राहिला की टणक. पण अंगभर छिद्रे, आणि पाणी पिण्यात पटाईत. गोव्याचा पाऊस तुम्ही पाहिला असेलच! म्हणून अशा उंच, उघड्या भिंतींना चुन्याचा गिलावा हवा. तो अंगरखा होता, दागिना नव्हे. दर्शनी भागातल्या कोरीव कामासाठी मात्र काळा दगड थेट आपल्या वसईहून नेला, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

पुढे 1950च्या सुमारास बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने हा गिलावा खरवडून काढविला. इमारत अधिक पुराणी दिसावी, एवढाच हेतू! साडेतीनशे वर्षांच्या म्हातारीला आणखी म्हातारी दाखविण्याची ही हौस. तेव्हा आमच्या वाचकबंधूंचे कार्ड त्याआधीच्या छायाचित्राचे, हे उघड आहे.

2020 साली चर्चच्या मुख्य धर्मगुरूंनीच म्हटले की, जांभा झिजतो आहे, गिलावा परत चढवा. विरोधक म्हणाले, दोन पिढ्यांनी पाहिलेले तांबडे रूप हेच आता लोकांच्या मनातले चर्च आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली, 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीतली वास्तू. तिला हात लावायचा म्हणजे दहा तोंडे दहा मते. आमचे मत विचाराल तर गिलाव्याच्या बाजूने. सवय सत्तर वर्षांची आहे, भिंत चारशेंची. आणि पूर्वी काय होते याची साक्ष द्यायला ट्रंकेतली ही कार्डे आहेतच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीच्या ‘सौझा अँड पॉल’ या फोटोवाल्यांनी जुन्या गोव्याची पुष्कळ छायाचित्रे काढली. तोवर साथीच्या रोगांनी शहर ओस पडले होते, 1843 साली राजधानीही रीतसर पणजीस गेली होती. चर्चे उभी आणि शेजार म्हणाल तर माडांचा!

पण फोटोलाही मुहूर्त गाठावा लागतो. सेंट कॅथरीनच्या कॅथीड्रलचा एक मनोरा 1776 सालीच कोसळला. त्याच्या दोन्ही मनोऱ्यांचा फोटो कोणी दाखवू लागला तर खुशाल खोटा समजावा. टेकडीवरचे सेंट ऑगस्टिन 1835 साली ओस पडले. फोटोची कला पॅरिसात 1839 साली जाहीर झाली, आणि 1842 साली या चर्चचे छत बसले. म्हणजे कॅमेऱ्याला ते भग्नच दिसले. दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा 1931 साली पडला. तोवरची भिंत तेवढी चित्रांत सापडते. उरलेला मनोरा अजून सुमारे 46 मीटर उंच उभा आहे. त्याची घंटा 1871 सालीच पणजीच्या चर्चवर नेली. ती मात्र फोटोत पाहून भागणार नाही, पणजीस जाऊन ऐकावी.