चौथे घड्याळ

गेल्या उन्हाळ्यात म्हसळ्याकडच्या एका गावी आमच्या आत्याच्या नातीचे लग्न झाले. मांडव उतरल्यावर दुसऱ्या दिवशी घरातल्या बाया आहेर उलगडायला बसल्या. एकीच्या हातात आहेराची वही. ती नाव, गाव, रक्कम वाचत होती आणि बाकीच्या पुड्या सोडत होत्या. लेमन सेट तीन निघाले, काचेच्या फ्रेमा पाच, आणि भिंतीवरची घड्याळे चार. नवरीची आई हसून म्हणाली, "खोली एक, आणि वेळ बघायला चार घड्याळं गो बाय!" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण वाचक हो, त्यातले चौथे घड्याळ आमचे होते.

ते आम्ही आदल्या संध्याकाळी बाजारात, एस. टी. सुटायच्या आत, दहा मिनिटांत घेतले होते. खरे तर त्या पोरीसाठी आम्ही वर्षभर आधी दुसरेच काही ठरवले होते. ते का जमले नाही, ते पुढे सांगतो. आधी आपल्या सर्वांच्या प्रश्नाकडे वळू. लग्न असो, बारसे असो, नव्या घरात प्रवेश असो, की बुद्ध पौर्णिमेला मुंबईची माणसे गावी येणार असोत; आपल्या माणसाला द्यावे काय? सगळ्यांच्या घरी असते ते नको, आणि खिशालाही परवडले पाहिजे.

भेटवस्तू म्हटली की आपल्याला किंमत आठवते. पण आपल्याच इतिहासातली सर्वांत मोठी भेट आठवून पाहा. भीमराव शाळेत असताना परीक्षा पास झाले म्हणून समाजातल्या मंडळींनी कौतुकाची सभा घेतली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ही आठवण बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतः नोंदवून ठेवली आहे. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकाची किंमत तेव्हा फार नसेल. पण देणाऱ्याने मुलगा ओळखला होता. त्या मुलाला काय लागेल, हे त्याला कळले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंतच्या वाटेवर ती भेट कुठेतरी उभी आहे.

दुसरे उदाहरण आपल्या रायगडचेच. तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या बाजूला कुड्याची लेणी आहेत. एकूण २६ लेणी. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ती नावे केवळ राजघराण्यातली नाहीत. त्यांत वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, हारफुले विकणारा माळी आहे, भिक्षुणी आहे. नावापुढे शब्द येतो 'देयधम', म्हणजे दान म्हणून दिलेली वस्तू. माळ्याने आपल्या मिळकतीतून दिले, वैद्याने आपल्या. कोणी किती दिले त्याचा आकडा आज कोणाला ठाऊक नाही. दिले एवढे मात्र दगडावर राहिले. आपली आहेराची वही त्याच्या अगदी उलट आहे. तिच्यात आकडा राहतो, माणूस राहत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की कर्ज काढून आहेर करू नका. आणि दुसरे असे, की दुर्मिळ वस्तू म्हणजे महाग वस्तू नव्हे. जी मिळवायला वेळ, पायपीट आणि माणसाची ओळख लागते ती दुर्मिळ. अशा काही वस्तू आपल्या हाताशी आहेत.

मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांसाठी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ न्या. भात निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा होतो आणि उन्हाळ्यात त्याच्या वेण्या विणून रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. चवीला गोडसर, कच्चा खाल्ला तरी तोंड पोळत नाही. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून मागणी वाढली आणि दुसरीकडचा पांढरा कांदा त्याच नावाने विकणारेही वाढले. म्हणून कार्ले, खंडाळे या बाजूच्या शेतकऱ्याकडून, ओळखीने, पातीसकट विणलेली माळच घ्या. देताना सांगा की पिशवीत कोंबून ठेवू नका, वारा लागेल अशी टांगा. पावसाळाभर पुरेल.

तसेच कडवे वाल. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर होणारे आपले वाल शहरात शोधून सापडत नाहीत. सापडले तरी ती चव नसते. किलोभर वाल, सोबत एका कागदावर आईच्या हातची बिरड्याची कृती तिच्याच शब्दांत लिहिलेली. वाल संपतील, कागद राहील. आणि ज्यांच्या घरी चालते त्यांना पावसाच्या आधी सोडे द्या. दोन दिवस पुन्हा कडक ऊन दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आखाती देशात कामाला गेलेल्या एका भाच्याला आम्ही असे सोडे पाठवले होते. त्याने फोनवर सांगितले, "आत्या, डबा उघडला आणि खोलीतली चारी माणसं गप्प झाली." चौघेही कोकणातले होते.

नवजात बाळाला गोधडी द्या. दुकानातले मऊ रंगीत पांघरूण नव्हे, तर आजीच्या, पणजीच्या जुन्या लुगड्यांची. पण लुगडी मागायला वेळेवर जावे लागते. आजी गेल्यावर तिची लुगडी कोणाकोणात वाटली जातात आणि पुसायचे फडके होतात. गोधडी शिवायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून बाळाची चाहूल लागली की सुई-दोरा हाती घ्यावा.

शिकणाऱ्या मुलांना पुस्तक. अलीकडे जयंतीला आणि ६ डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन नेण्याची चांगली रीत पडली आहे. तिच्या पुढची पायरी म्हणजे सहज न मिळणारा ग्रंथ शोधून देणे. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांत प्रसिद्ध करीत आले आहे. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' या दोन्ही पत्रांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० साली एकत्र निघाले. आपल्या महाडच्या सत्याग्रहाविषयी बाबासाहेबांनी त्याच काळात काय लिहिले, ते त्यात वाचायला मिळते. मात्र हे खंड हवे तेव्हा हाती लागत नाहीत. कागद घेऊनही छपाई रखडली, अशा बातमीवरून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा मुलगी बारावीला बसली की शोध सुरू करा. चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात विचारा. ६ डिसेंबरला दादरला, २० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडला जाल तेव्हा पुस्तकांच्या दुकानांवर थांबा. जुनी प्रत घेताना पाने मोजून घ्या. आणि पहिल्या पानावर कोणी, कोणाला, कशासाठी दिले ते शाईने लिहा.

म्हाताऱ्या माणसांना काय द्यावे, हे आम्हाला पुष्कळजण विचारतात. आम्ही उलट विचारतो, त्यांचा चष्मा शेवटचा कधी तपासला? आजी पेपर वाचत नाही, याचे कारण तिला रस नाही हे नसते; तिला अक्षर दिसत नाही हे असते. किंवा एक दिवस द्या. गाडी ठरवून आजीला महाडच्या चवदार तळ्यावर न्या, तिच्या चालीने चाला, तिला घाई करू नका. जन्मभर रायगड जिल्ह्यात राहून तळे न पाहिलेल्या बाया आहेत.

आता त्या चौथ्या घड्याळाचे सांगतो.

आमच्या आत्याचे वडील १९२७ च्या मार्चमध्ये भाकरी बांधून पायी महाडला गेले होते. २० मार्चला लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ते त्या रांगेत होते. परत आल्यावर त्यांनी घरी काय सांगितले, ते आत्याच्या आईने जात्यावर ओव्यांत बांधले, आणि त्या ओव्या आत्याला पाठ होत्या. लहानपणी आम्ही त्या अर्धवट झोपेत ऐकल्या होत्या. नातीचे लग्न ठरायच्या बेताला आले तेव्हा आमच्या मनात आले, की या ओव्या आत्याच्या आवाजात भरून घ्याव्यात आणि लिहून काढून नातीला द्याव्यात. यापेक्षा दुर्मिळ आहेर कुठे मिळणार? फोनवर आत्याला सांगितले. ती लाजली आणि म्हणाली, "माझा गळा कसला भरून घेता? पण ये, पाऊस उतरला की ये."

पाऊस उतरला की जाऊ, भात कापून झाले की जाऊ, असे म्हणता म्हणता दिवाळी उलटली. त्या महिन्यात आत्या गेली. आम्ही गेलो ते मातीला. खिशात फोन होता, त्यात हजारभर फोटो भरायला जागा होती. आत्याचा आवाज त्यात एक मिनिटही नव्हता. आणि मग उन्हाळ्यात लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही घड्याळ घेतले.

आहेर उलगडून झाल्यावर आम्ही ही गोष्ट त्या बायांना सांगितली. तर एक म्हातारी मावशी म्हणाली, "मला दोन येतात." दुसरी म्हणाली, "मला चालीवर येतात, नुसतं सांगता येत नाही." कोणीतरी माळ्यावरचे जाते खाली काढले. खुंटा नवा बसवला. मूठभर तांदूळ घातले आणि जाते फिरू लागले, तशा ओव्या आठवत गेल्या. संध्याकाळपर्यंत अकरा जमल्या. काहींची एकच ओळ मिळाली. नवरी पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा शंभर पानी वहीत त्या लिहून तिला दिल्या. जिथे ओळ आठवली नाही तिथे जागा कोरी सोडली आहे. पोरीने वही वाचली आणि त्या कोऱ्या जागांवर बोट ठेवून विचारले, "इथे आजीला येत होतं का?" आम्ही हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी व त्यांच्या सोबतच्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. पण आपल्या वाडीतल्या आजीपर्यंत कोणी पोचले असेल असे धरून चालू नका. तिच्याकडे आपणच जायचे आहे.

जाताना एवढे करा. पंखा बंद करा, फोन उशीवर ठेवा, फार जवळ धरू नका. "ओवी म्हण" असे एकदम म्हणू नका. आधी माहेरचे गाव विचारा, जाते कुठले होते ते विचारा, सोबत दळायला कोण बसायची ते विचारा. मध्ये बोलू नका. शेवटी तिचे नाव, गाव आणि तारीख तुमच्या आवाजात बोलून ठेवा. एकाच फोनवर ठेवू नका, कारण फोन पाण्यात पडतो; तीन घरी पाठवा. आणि घरी येऊन ओव्या वहीत लिहा.

यात खर्च काय? एस. टी. चे भाडे आणि एक वही. पण ही भेट पुढच्या वर्षी मिळेलच याची हमी नाही. तेव्हा येत्या लग्नसराईत घड्याळाच्या दुकानात शिरण्यापूर्वी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन करा, आणि ती "ये" म्हणाली तर पाऊस उतरण्याची वाट पाहू नका.

जयभीम.