निर्जन म्हणजे नक्की काय?

परवा सहज नकाशा चाळत बसलो होतो. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्यापासून हजार किलोमीटरहून दूर, प्रशांत महासागरात एक ठिपका दिसला. क्लिपर्टन. मालकी फ्रान्सची, वस्ती शून्य. बेट निर्जन!

बेट म्हणजे प्रवाळाचं एक कडं. मधे तळं, भोवती जेमतेम दोन चौरस किलोमीटर जमीन आणि २९ मीटर उंचीचा एक खडक. थोडे नारळ, समुद्रपक्षी आणि खेकडेच खेकडे. १७११ साली गुड फ्रायडेला फ्रेंच खलाशांना ते दिसलं, म्हणून ख्रिस्ताच्या यातनांवरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं. ते नाव पुढे अक्षरशः खरं ठरलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोनं इथे सैनिक ठेवले, दीपगृह बांधलं. सैनिकांबरोबर बायकामुलंही आली. १९१४ मध्ये मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीत रसद आणणारं जहाज येईनासं झालं. ताज्या अन्नावाचून स्कर्व्हीनं माणसं मरू लागली. १९१५ मध्ये दूरवर जहाज दिसलं म्हणून कॅप्टन रामोन आर्नो होडी घेऊन निघाले आणि बुडाले. शेवटी एकच पुरुष उरला, दीपगृहाचा रखवालदार. तो स्वतःला राजा म्हणवू लागला आणि बायकांचे हाल करू लागला. जुलै १९१७ मध्ये बायकांनीच त्याला संपवलं. त्याच सुमारास आलेल्या अमेरिकी युद्धनौकेनं उरलेल्या अकरा जणांना नेलं. सगळ्या बायका आणि मुलं.

मालकीचा वाद मात्र १९०९ पासून इटलीच्या राजाकडे लवादासाठी पडून होता. निकाल लागला १९३१ मध्ये, फ्रान्सच्या बाजूनं. कारण काय, तर १८५८ साली एका फ्रेंच अधिकाऱ्यानं जहाजावरूनच बेट ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं होतं.

कायद्याच्या दृष्टीनं तो निकाल बरोबरही असेल. वाद सुरू झाल्यानंतरची वस्ती पुरावा ठरत नाही, हे मलाही कळतं. पण जहाजाच्या डेकवरून वाचलेला एक कागद टिकला आणि तिथे मेलेल्यांची कुठेच मोजदाद झाली नाही, हे काही मनाला पटत नाही.

आज या बेटामुळे फ्रान्सला भोवतालच्या चार लाखांहून अधिक चौरस किलोमीटर समुद्रावर हक्क सांगता येतो. म्हणजे बेटाला किंमत आहे, ती त्याच्या पाण्याची.

मला वाटतं, 'निर्जन' हा शब्द आपण फार सहज वापरतो. तिथे आज कोणी राहत नाही, एवढंच तो सांगतो. कोण राहून गेलं आणि कुणी त्यांना तिथेच सोडून दिलं, हे विचारायचं काम आपलं.