शिबंदीचे कलम

गेल्या रविवारी बुटीबोरीच्या एका सभागृहात उद्योजकांचा मेळावा भरला होता आणि आमच्यासारख्या निरुद्योगी माणसासही, वयाचा मान म्हणून असेल किंवा मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून असेल, त्याचे निमंत्रण होते. भारताची संरक्षण-सामग्रीची निर्यात २०१३-१४ साली ६८६ कोटी रुपयांची होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली, हे व्यासपीठावरून सांगण्यात आले तेव्हा टाळ्या झाल्या, आणि त्या योग्यच होत्या. त्यानंतर एका तरुण अभियंत्याने उभे राहून, काहीशा चाचरत, विचारले की, हा दारूगोळा घेणारी परदेशी पलटण तो कोणावर चालविते याची आपल्याकडे कोठे नोंद राहते काय? वक्ते प्रसन्न हसले. "माल फाटकाबाहेर गेला, की आपला विषय संपला," असे त्यांनी उत्तर दिले, आणि या वेळच्या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या.

या आठवड्याचा आमचा मूळ विषय, वाचकहो, दुसराच होता. तो या टाळ्यांनी रद्द केला.

फाटकाबाहेर गेलेल्या मालाचा विषय संपतो, हे ज्ञान आमच्या शेजारच्या शेतकऱ्यास पूर्वीच झाले असते तर त्याचे पंधरा दिवस वाचले असते. त्याच्या विहिरीस तिसाव्या फुटावर काळा पाषाण लागला आणि सुरुंगाशिवाय गत्यंतर उरले नाही. परंतु परवानाधारक ठेकेदाराचा माणूस येईना. विचारावयास गेलो तर शेजारी बांधावर बसून म्हणाला, "काका, दोन डिटोनेटरचा हिसाब लागून नाही राह्यला, तं तो मानूस येते कुठून?" स्फोटक मागवावयाचे तर मागणीपत्र, हलवावयाचे तर पास, पासाची वर्दी पोलीस अधीक्षकांस, आणि वापरले किती व उरले किती याची वही निराळी! हा सारा कारभार ज्या केंद्रीय खात्याकडे आहे, त्या 'पेसो'चे मुख्यालय आमच्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. या काटेकोरपणाविरुद्ध आमची तक्रार नाही, तो असलाच पाहिजे. आमचे विचारणे एवढेच की, खेड्यातील विहिरीत उडणाऱ्या एका कांडीमागे सरकार ज्या चिकाटीने धावते, ती चिकाटी समुद्र लागताच कोठे जाते?

अमेरिकेने हा प्रश्न निदान कागदावर तरी सोडविला आहे. व्हरमाँटचे माजी सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखला जाणारा, १९९७ साली प्रथम लागू झालेला निर्बंध असे सांगतो की, परदेशी सुरक्षा दलाच्या ज्या पथकाने विनाचौकशी हत्या, छळ, माणसे बेपत्ता करणे किंवा बलात्कार यांसारखी घोर कृत्ये केल्याची विश्वसनीय माहिती असेल, त्या पथकास अमेरिकेची लष्करी मदत मिळू नये. मात्र त्या देशाचे सरकार अपराध्यांस शासन करण्याची परिणामकारक पावले उचलीत असेल तर ती पुन्हा देता यावी. हा कायदा कधी चालतच नाही असे नव्हे. कोलंबियात सांतो दोमिंगो या खेड्यावर डिसेंबर १९९८ मध्ये हवाई दलाने टाकलेल्या बाँबने सतरा माणसे मारली गेली, त्यांत सहा मुले होती. त्या हवाई तुकडीची मदत अखेर थांबली, पण केव्हा, तर जानेवारी २००३ मध्ये. इस्रायलच्या 'नेत्झाह येहुदा' या पलटणीने जानेवारी २०२२ मध्ये अडवून ठेवलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक पॅलेस्टिनी वृद्ध, जो अमेरिकेचाही नागरिक होता, मरण पावला. त्या पलटणीवर हे कलम लागणार अशी वदंता २०२४ च्या एप्रिलात उठली आणि ऑगस्टात परराष्ट्र खात्याने प्रश्नाचे निराकरण झाल्याचा निर्वाळा देऊन टाकला. शत्रूच्या बाबतीत माहिती लगेच विश्वसनीय होते आणि मित्राच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे तपासली जाते, हा वॉशिंग्टनचा शोध आहे असे मात्र कोणी समजू नये. आम्हा मराठी माणसांनी हे नाटक फार पूर्वी, आणि तेही आपल्याच दिवाणखान्यात, पाहिले आहे.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांच्या कंपनीशी जो तह केला, त्यातील सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी तोडून दिलेला सव्वीस लाखांचा मुलूख शाळकरी मुलासही पाठ असतो. परंतु त्याच तहात एक कलम आहे, जे कोणी पाठ करीत नाही. तैनाती फौज पेशव्यांच्या जीविताचे रक्षण, बंडखोरांचे पारिपत्य असल्या मोठ्या कामास हजर राहील. पण क्षुल्लक प्रसंगी तिला वापरावयाचे नाही, शिबंदीप्रमाणे मुलखात बसवून तिच्याकडून वसूल करावयाचा नाही, आणि मराठी राज्याच्या आश्रितांकडून मुलूखगिरी करून खंडण्या उकळण्यासही तिला न्यावयाचे नाही, असा त्याचा मतलब आहे. इंग्रजी मसुद्यात 'शिबंदी' आणि 'मुलूखगिरी' हे दोन्ही शब्द, रोमन लिपीत थोडे विद्रूप होऊन का होईना, तसेच बसलेले आहेत. कारण या दोन शब्दांनी रयतेचे काय होते हे सांगणारा शब्द साहेबाच्या भाषेत नव्हता. (येथे मोडीचे शिक्षण बंद केल्याविषयीचे आमचे नेहमीचे गाऱ्हाणे वाचकांनी मनातल्या मनात म्हणून घ्यावे. चौकाचौकांत तलवारी उभारणाऱ्या समाजास तहाचे एक पान वाचता येऊ नये आणि मग परराष्ट्रधोरणही फाटकापाशीच संपावे, या दोहोंत कार्यकारणभाव आहे अशी आमची पक्की समजूत आहे. पुरावा मागू नये.)

हे कलम कंपनीने दयेपोटी घातले नव्हते. पलटणीचे तुकडे करून ठाण्याठाण्यांवर वसुलीस बसविले की शिस्त मोडते, हे तिला कळत होते. आणि भाड्याने दिलेल्या फौजेची बदनामी कोणाच्या पदरात पडते हेही तिने अनुभवले होते. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जने चाळीस लाखांच्या करारावर कंपनीची फौज अयोध्येच्या शुजाउद्दौल्यास रोहिल्यांवर दिली, तेव्हा नबाबाच्या लोकांनी केलेल्या जाळपोळीची गाऱ्हाणी कर्नल चँपियन कलकत्त्यास लिहीत राहिला, कलकत्त्याहून नबाबास समज देण्याच्या सूचना निघत राहिल्या, आणि मोहीम चालूच राहिली. ज्या चाळीस लाखांवरून हे प्रकरण पेटले, ते रोहिल्यांनी नबाबास कबूल केले होते कशासाठी? तर मराठ्यांना घालवून देण्यासाठी!

वसईचे कलम, नवल म्हणजे, बऱ्याच अंशी पाळले गेले. दक्षिणेतील जहागीरदारांची संस्थाने खालसा करण्यासाठी बाजीरावास कंपनीची संगीन हवी होती. परंतु १८१२ साली कंपनीचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पंढरपुरास तोड काढली, ती अशी की, जहागीरदारांनी सनदेप्रमाणे चाकरी करावी, बळकावलेला मुलूख परत द्यावा, आणि पेशव्यांनी जुने दावे सोडावेत. लष्करी मदतीस घातलेली अट प्रत्यक्षात चालू शकते, याचा याहून स्वच्छ दाखला आमच्या वाचनात नाही, आणि ती चालली याचे कारण उघड आहे: अट लिहिणाऱ्याचा माणूस पुण्यात संगमावर राहत होता, खबरा राखीत होता आणि नाही म्हणू शकत होता.

परंतु जहागीरदार वाचले म्हणून रयत वाचली काय? पुण्यात गारपिरावर तैनाती फौज निष्कलंक कवायत करीत असताना इकडे मामलती लिलावाने मक्त्यावर जात होत्या, चढ्या बोलीचा मक्तेदार आपली शिबंदी घेऊन गावात उतरत होता, आणि पाटलाने फिर्याद न्यावयाची तर ती दरबारात, म्हणजे ज्याने मक्ता विकला त्याच्याकडेच, न्यावयाची होती. कंपनीच्या एकाही शिपायाने वसूल केला नाही. कलमाचा एक काना मोडला नाही. आणि गाव मात्र उठून गेला. टॉमस मन्रोने १८१७ साली गव्हर्नर जनरलास (हा हेस्टिंग्ज दुसरा) लिहिलेल्या पत्रात यावर नेमके बोट ठेवले आहे: परक्या फौजेच्या भरवशावर राजा आळशी होतो, आणि प्रजेच्या द्वेषाचे भय उरले नाही की तो क्रूर व लोभीही होतो. स्वतः कंपनीच्या पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाची ही कबुली आहे. याच पद्धतीच्या तहावर १८१६ च्या मे महिन्यात नागपुरास आप्पासाहेब भोसल्यांनी सही केली आणि पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा वाजल्या. ती कथा येथे नको.

तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. बाजीरावास परकी पलटण मिळत होती. आजच्या सत्ताधीशास परका दारूगोळा मिळतो आणि पलटण त्याची स्वतःची असते. पण म्हणूनच मन्रोचा आक्षेप आज अधिक लागू पडतो. लेहींचा कायदा पथकाचे नाव विचारतो. ज्या पथकाचे हात स्वच्छ त्याला बंदुका मिळतात, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जुन्या बंदुका व वाचलेला पैसा ज्याचे हात स्वच्छ नाहीत त्या दुसऱ्या पथकाकडे जाण्यास कोणत्याही कलमाची हरकत नसते. भय गेलेला राज्यकर्ता हा त्या कायद्याच्या रकान्यात बसतच नाही.

आणि आपण? आपल्याकडे तर रकानाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार-करार संमत केला तेव्हा भारत तटस्थ राहिला, आणि त्याचे कारण असे दिले की, कराराचे पारडे निर्यातदारांकडे झुकते आहे. ते कारण त्या दिवशी खोटे नव्हते. आपण घेणारे होतो. आता आपण देणारे झालो आहोत आणि तटस्थता मात्र घेणाऱ्याच्या काळातली तशीच खुंटीवर आहे. इस्रायलकडे जाणारी शस्त्रे थांबवावीत म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली, आणि तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने परराष्ट्रव्यवहार हा न्यायालयाचा नव्हे, सरकारचा प्रांत आहे असे सांगितले. ठीक आहे; न्यायालयाने बोट सरकारकडे दाखविले. सरकार काय दाखविते? खरेदीदाराने स्वहस्ते लिहून दिलेले अंतिम वापराचे प्रमाणपत्र! शेजाऱ्याच्या ठेकेदाराने असे प्रमाणपत्र स्वतःच लिहून ठाण्यात नेले असते, तर त्याला तेथेच बसवून ठेवले असते.

म्हणून सरकारच्या सोयीसाठी, मोबदला न घेता, कलम आम्हीच लिहून देतो: "सदरहू दारूगोळा अमुक पलटणीस दिल्हा असे, तो निःशस्त्र रयतेवर चालवू नये, चालविल्याची खातरजमा जाहल्यास पुढील रवानगी बंद, आणि या बळावर दुसरे शिबंदीकडोन रयतेस उपद्रव दिल्ह्यास तोही याच कलमात मोजावा." शेवटचे वाक्य मन्रोच्या खात्यावर मांडावे. खातरजमा कोण करणार, असे विचाराल तर आपल्या वकिलातींतून संरक्षण खात्याचे अधिकारी बसतातच. संगमावरच्या साहेबापेक्षा त्यांना काही कमी दिसते असे मानण्याचे कारण नाही. मालाचा खप वाढविण्याबरोबर त्याची वहीही त्यांनी ठेवावी.

शेजाऱ्याच्या विहिरीचे सुरुंग अखेर मंगळवारी दुपारी उडाले. धूर विरल्यावर ठेकेदाराचा माणूस उरलेले डिटोनेटर फडक्यावर ओळीने मांडून दोनदा मोजीत बसला, मग पेटीत भरून कुलूप लावले, आणि वहीत वापरलेले, उरलेले, परत असे तीन आकडे लिहून चौथ्या रकान्यात 'विहीर, पाषाण, तीस फूट' असे कारण घातले. बांधावर आमच्याखेरीज कोणी नव्हते, म्हणून साक्षीदाराच्या जागी त्याने आमची सही घेतली.

— वाकनीस, बुटीबोरी