आईचं कवच बाळाला किती महिने पुरतं?

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन तापांची चर्चा सुरू होते. जंगलातल्या गावांत मलेरियाची आणि चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा अशा मोठ्या गावांत डेंग्यूची. मलेरिया आपल्याकडचा जुना पाहुणा. त्याची रक्ततपासणी, गोळ्या, औषधी मच्छरदाणी हे सगळं धानोरा-एटापल्लीच्या बायकांनाही पाठ आहे. डेंग्यू मात्र पाण्याचे ड्रम, टाक्या, कूलर यांच्या मागोमाग आता खेड्यांतही शिरतो. त्यामुळे बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मला डेंग्यू होऊन गेला. म्हणजे आता माझ्या बाळाला होणार नाही ना?"

याचं उत्तर बाळ किती महिन्यांचं आहे, यावर आहे. आणि ते ऐकून पुष्कळजणी बुचकळ्यात पडतात.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापुरतं संरक्षण जन्मभराचं मिळतं, बाकीच्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होण्याची भीती असते. आईला आजार होऊन गेला की तिच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे डॉक्टर ज्याला अँटिबॉडीज म्हणतात ती, तयार झालेली असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती नाळेतून बाळाकडे जातात. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी कमी मिळते, ते यामुळेच.

पहिले काही महिने ही शिदोरी कामाला येते. पण ती आईची असते, बाळाने स्वतः तयार केलेली नसते. त्यामुळे महिन्यामहिन्याने आटत जाते. आणि पूर्ण संपायच्या आधी मधे एक विचित्र काळ येतो. प्रतिपिंडं विषाणूला मारण्याइतकी उरलेली नसतात, पण त्याला चिकटण्याइतकी असतात. अशी चिकटलेली जोडी रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींमध्ये सहज शिरते आणि तिथे विषाणू फोफावतो. राखणदार म्हातारा झाला आणि चोरालाच हात धरून घरात घेऊन आला, असं म्हणा ना!

हे कोडं उलगडलं ते थायलंडमध्ये. १९६०च्या दशकात बँकॉकच्या बालरुग्णालयात अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड आणि त्यांच्या थाई सहकाऱ्यांना दिसलं, की गंभीर डेंग्यू एक तर दुसऱ्यांदा लागण झालेल्या मुलांना होतो, नाही तर वर्षाच्या आतल्या तान्ह्यांना. त्या तान्ह्यांना तर पहिल्यांदाच लागण झालेली! आणि त्यांच्या आयांच्या रक्तात डेंग्यूची प्रतिपिंडं होती. जास्त आजारी पडणारी बाळं साधारण सहा ते नऊ महिन्यांची असायची. १९८८ मध्ये तिथल्याच एका अभ्यासाने दाखवलं, की आईकडून प्रतिपिंडं जितकी जास्त मिळाली, तितका हा धोक्याचा काळ पुढे सरकतो. अर्थात सगळं गणित सुटलंय असं नाही. फिलिपिन्समधल्या तान्ह्या बाळांवरचा २००९ चा अभ्यास सांगतो, की प्रयोगशाळेत दिसणारी ही "मदत" आणि प्रत्यक्ष आजाराची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, आणखीही कारणं असली पाहिजेत.

एक गोष्ट इथेच ठासून सांगते. यात अंगावरच्या दुधाचा काहीही दोष नाही. ही प्रतिपिंडं नाळेतून आलेली असतात. "तुझ्या दुधातून बाधलं" असं कोणी सुनेला बोललं तर सरळ तोंडावर सांगा, की तसं नसतं. ताप आलेल्या बाळाला तर दूध जास्त वेळा पाजायचं.

आता आपल्या भागाचा विचार करू. २०१७-१८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरात रक्ताचे नमुने तपासले. महाराष्ट्रही त्यात होता. शहरांत शंभरातल्या ७१ जणांना कधी ना कधी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, खेड्यांत ४२ जणांना. १८ ते ४५ वयोगटात हे प्रमाण शंभरात ५६ होतं, आणि आया याच वयातल्या. यातल्या बहुतेकींना आपल्याला डेंग्यू झाला होता हे ठाऊकही नसणार, कारण पुष्कळदा तो साध्या तापासारखा येऊन जातो. म्हणजे "मला कुठे झाला होता?" असं म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. आणि जंगलातल्या ज्या गावात डेंग्यू कधी पोचलाच नाही, तिथल्या आईकडे बाळाला द्यायला कवचच नसतं. तिच्या बाळाला पहिल्या दिवसापासून जपायचं.

त्यात आपली माहेरच्या बाळंतपणाची रीत. बाळ आजोळी तीन-चार महिने राहतं आणि पाळणा, दुपटी घेऊन सासरी येतं, ते नेमकं कवच विरळ होत असताना. डेंग्यूचा जोर साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. हिशेब मांडून बघा. डिसेंबर ते मार्चमध्ये जन्मलेलं बाळ सप्टेंबरात सहा ते नऊ महिन्यांचं असतं. तुमच्या घरात असं बाळ असेल तर यंदाच्या पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून राहा.

चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे घरोघरी कूलर. पाऊस आला की तो बंद होतो, पण तळाचं पाणी तसंच राहतं, आणि डेंग्यूच्या एडिस डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. त्याची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून भागत नाही, कूलर, ड्रम, रांजण आतून घासावे लागतात. हा डास दिवसा चावतो. आपण मच्छरदाणी बांधतो रात्री, कारण मलेरियाने तशी सवय लावली. बाळ मात्र दिवसभर झोपलेलं असतं. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत आणि बाळ घरी आजीजवळ, अशा वेळी पाळण्यावर दिवसा मच्छरदाणी हवीच.

आणि ताप आलाच तर? पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही तपासणी, त्यानंतर आयजीएम. नुसत्या आयजीजीच्या अहवालावरून तान्ह्या बाळाला डेंग्यू ठरवता येत नाही, कारण ती प्रतिपिंडं आईचीही असू शकतात. तापाला पॅरासिटामॉलच, तेही बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढं. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये. पपईच्या पानांचा रस तान्ह्याला अजिबात पाजू नका. मुख्य म्हणजे ताप उतरला की आपण निःश्वास टाकतो, आणि या आजारात तीच घडी नाजूक असते. बाळ दूध ओढेना, सारखं उलट्या करू लागलं, हातपाय गार पडले, मलूल झालं, लंगोट चार-सहा तास कोरडा राहिला, अंगावर लाल ठिपके दिसले, तर सकाळची वाट बघू नका. आईलाच बाळंतपणाच्या तोंडावर ताप असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तेव्हा विषाणू थेट बाळाकडे जाऊ शकतो.

लसीची चौकशी पुष्कळजणी करतात. आपल्या देशात तयार झालेल्या लसीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू झाली, पण ती प्रौढांवरची आहे. तान्ह्यांसाठी लस नाही.

घरी जाऊन बाळ तपासायची पद्धत खरं तर गडचिरोलीनेच देशाला दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले, ते १९९९ मध्ये जगापुढे आलं. त्याच वाटेने आज आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. २०१८ पासूनच्या योजनेत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही भेट ठरलेली आहे. सहावा आणि नववा महिना, म्हणजे नेमका आपला धोक्याचा काळ! या दोन भेटींत वजन आणि खाणंपिणं बघताना कूलर, ड्रम आणि पाळण्यावरची मच्छरदाणीही बघितली जावी. वेगळा माणूस नको, वेगळा पैसा नको. गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत हा मुद्दा आपणच मांडू शकतो, आणि तो पावसाळ्याआधीच्या बैठकीत मांडायला हवा.