पत म्हणजेच ब्रँड

मंडळी, आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत कर्ज थकलं की आधी फोन बंद होतो. लाज वाटते. पण उभी नोकरी बँकेत काढली म्हणून सांगतो, घर जातं ते बहुतेक वेळा या गप्प बसण्यामुळेच.

हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. ती कपाटात दडवू नका. लेखी हरकत द्या. ती मान्य नसेल तर 15 दिवसांत कारणं कळवणं बँकेला भाग आहे. त्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणं सगळ्यांत चांगलं.

दांडिया बाजारातल्या एका ताईंनी तेच केलं. यजमानांची नोकरी गेली, त्यांनी डबे सुरू केले. ऊन असो, पाऊस असो, डबा वेळेवर आणि हप्ताही. घर वाचलं. आज त्यांना जाहिरात लागत नाही, नाव पुरतं.

मुलं याला ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात, आपले आजोबा पत म्हणायचे. ती शब्द पाळूनच वाढते.

ओळखीत कुणी नोटीस लपवून बसलं असेल, तर त्यांना हे जरूर वाचून दाखवा.